राजे, फेडरेशन आणि गोखले हॉल: 1939 च्या एका व्याख्यानाचं प्रकरण

29 जानेवारी 1939, रविवार. त्या दिवशी देशात दोन गोष्टी झाल्या आणि गंमत म्हणजे दोन्हींच्या मुळाशी विषय एकच होता. पहिली सगळ्यांना माहितीये, काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक, सुभाषबाबू 1580 आणि पट्टाभी सीतारामय्या 1377, आणि मग गांधीजींनी तो स्वतःचा पराभव मानला वगैरे पुढचं सगळं रामायण. सुभाषबाबू पुन्हा उभे राहिले त्यामागे एक मोठा संशय होता की काँग्रेसमधली उजवी मंडळी इंग्रजांशी फेडरेशनच्या, म्हणजे प्रांत आणि संस्थानं मिळून व्हायच्या संघराज्याच्या, प्रश्नावर आतून जुळवून घेणार. दुसरी गोष्ट पुण्यात झाली. गोखले हॉलमध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात काळे स्मृती व्याख्यान होतं, वक्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि विषय होता फेडरेशन विरुद्ध स्वातंत्र्य.

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलंय. कॉलेज किंवा विद्यापीठाच्या व्याख्यानमालेत राजकारणावर बोलायला कुणाला बोलवायचं यावर आपल्याकडे कायम तेच तेच वाद होतात. राजकारणी नको, अभ्यासक बोलवा. अभ्यासक बोलवला तर तो अमक्या बाजूचा आहे. मग दोन्ही बाजूंचे बोलवा. मग शेवटी सगळे दमतात आणि 'तणावमुक्त जीवन' या विषयावर कुणीतरी येऊन विनोद सांगून जातं. (मी असल्या बैठकांना बसलेलो आहे, हसू नका.) आता 1939 मधला प्रसंग बघा. संशोधन करणारी संस्था आहे, देणगीतून उभी राहिलेली, आकडेवारी आणि पाहण्या हे तिचं काम. तिने बोलावलं कुणाला, तर मुंबई विधानसभेत विरोधी बाकावर बसणाऱ्या, स्वतःचा पक्ष चालवणाऱ्या, जेमतेम तीन महिने आधी गिरणी कामगारांच्या संपात आघाडीवर असलेल्या माणसाला. आणि विषय असा की त्यावरून त्याच आठवड्यात देशातला सगळ्यात मोठा पक्ष दुभंगायला निघालेला. आजच्या कुठल्याही प्राचार्यांनी फाइल बघूनच परत पाठवली असती.

संस्थेबद्दल थोडं सांगतो. साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून आणि भारत सेवक समाजाच्या साथीने 1930 साली ती उभी राहिली, पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, आणि ते तिथे थेट 1966 पर्यंत होते. अभिमत विद्यापीठाचा दर्जा तिला फार उशिरा, 1993 साली मिळाला, पण काम पहिल्यापासून विद्यापीठाच्या तोडीचं. गाडगीळांनी त्याच काळात पुणे शहराची घरोघर जाऊन सामाजिक-आर्थिक पाहणी चालवली होती, म्हणजे मतं मांडण्याआधी मोजायचं ही तिथली शिस्त. आणि घराणं कुठलं, तर गोपाळ कृष्ण गोखल्यांचं, नेमस्तांचं. ब्रिटिशांशी बोलून, अर्ज-विनंत्या करून, एकेक पायरी चढत पुढे जायचं असं मानणाऱ्यांचं. नेमक्या त्या घरात येऊन बाबासाहेब सांगणार होते की ही पुढची पायरी पायरीच नाहीये.

वक्ता तरी कोण? आपण आज नाव घेतलं की पुतळा आठवतो, त्यामुळे त्या दिवशी व्यासपीठावर नेमका कसला माणूस होता हे निसटतं. कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांनी ब्रिटिश इंडियातल्या प्रांतांच्या अर्थकारणावर काम केलेलं, म्हणजे केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला जातो हा त्यांचा तरुणपणापासूनचा विषय. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. सिडनहॅमला प्राध्यापकी, नंतर मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य, ते पद सोडून फार दिवस झाले नव्हते. गोलमेज परिषदांना हजर, तिथल्या फेडरल स्ट्रक्चर कमिटीत सभासद, आणि 1931 सालीच तिथे त्यांनी मुद्दा टाकलेला की संस्थानांचे प्रतिनिधी राजाने नेमलेले चालणार नाहीत, लोकांनी निवडलेले पाहिजेत. तेव्हा कुणी फारसं ऐकलं नाही. आठ वर्षांनी पुण्यात तो मुद्दा ते पुन्हा घेऊन आले, या वेळी अख्खा कायदा उघडून.

आणि पुणं म्हणजे त्यांच्यासाठी काही माहेरघर नव्हतं हेही लक्षात ठेवा. सप्टेंबर 1932 चा पुणे करार येरवड्यात झालेला, त्याआधी 1929 ला पर्वतीच्या मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह झालेला. या शहराशी त्यांचा हिशोब साधा नव्हता. तरी व्याख्यानाचा मुख्य भर फेडरेशनवरच राहिला. मला विचाराल तर ही शिस्त सगळ्यात अवघड आहे, कारण समोर बसलेल्यांना टोमणा मारून टाळ्या घेणं सोपं होतं.

आता परिस्थिती काय होती ते नीट समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर हे सगळं जुन्या कायद्याचं कीर्तन वाटेल. 1935 चा गव्हर्नमेंट ऑफ इंडिया अॅक्ट, 321 कलमं आणि 10 परिशिष्टं, एवढं मोठं बाड. त्याचे दोन भाग होते असं म्हणू. एक भाग प्रांतांचा, तो 1 एप्रिल 1937 पासून लागू झाला, निवडणुका होऊन मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळही आलं. दुसरा भाग केंद्राचा, म्हणजे ब्रिटिश इंडियाचे प्रांत आणि संस्थानं मिळून एक संघराज्य, त्यालाच सगळे फेडरेशन म्हणायचे. हा भाग लटकलेला होता कारण त्याला अट होती. कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, संस्थानांसाठी 104 जागा, त्यातल्या निदान 52 जागांच्या हक्कदार संस्थानांनी, आणि शिवाय संस्थानी लोकसंख्येच्या निम्मी लोकसंख्या ज्यांच्याकडे आहे अशांनी, सामीलनाम्यावर (आम्ही फेडरेशनमध्ये येतो असं लिहून देणाऱ्या कागदावर) सही करायची, तोपर्यंत फेडरेशन जन्माला येत नाही. व्हाइसरॉय लिनलिथगो सह्या गोळा करायच्या मागे लागलेले होते.

आणि संस्थानांमध्ये तेव्हा आग लागलेली. राजकोटचा सत्याग्रह सुरू होता, हैदराबादेत स्टेट काँग्रेस आणि आर्य समाज दोघांची आंदोलनं झालेली, महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या तिकडे जात होत्या. पलीकडे सातारच्या बाजूला चिमुकल्या औंध संस्थानात वेगळंच चाललेलं, तिथल्या पंतप्रतिनिधींनी त्याच जानेवारीत राज्यघटना देऊन आपली सत्ता लोकांच्या हाती दिली. म्हणजे एक राजा स्वतःहून खुर्ची सोडतोय, बाकीचे खुर्चीला चिकटलेत, आणि दिल्ली सरकार म्हणतंय या सगळ्या राजांना देशाच्या पार्लमेंटमध्ये आणून बसवू. पुण्याच्या श्रोत्याला हे काही लांबचं प्रकरण नव्हतं, भोर, फलटण, सांगली, मिरज, जमखिंडी, कोल्हापूर, सगळी संस्थानं आजूबाजूलाच, घरातली सोयरीक तिकडची, वतनं तिकडची.

या गदारोळात बाबासाहेबांनी काय केलं? छापील मजकूर काढून बघितला तर त्याची बांधणीच सगळं सांगते. आधी फेडरेशनची कल्पना कशी जन्मली ते, मग त्याची रचना, म्हणजे विधिमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायालय, मग अधिकार, मग त्याचा स्वभाव. आणि स्वभाव तपासायला त्यांनी प्रश्न लावलेत: हे एकत्र येणं मोडता येणारं आहे की कायमचं? घटकांचं केंद्राशी नातं काय? घटकांचं आपसात नातं काय? या संघराज्यात राहणाऱ्या माणसांचं एकमेकांशी नातं काय? चौकट मजबूत आहे का? प्रत्येक ठिकाणी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्याशी ताडून बघायचं. त्यानंतर फायदे. हो, फायद्यांना स्वतंत्र प्रकरण आहे, कारण विरोध करायचा तर समोरच्याचं म्हणणं आधी पुरतं मांडायचं हा वकिली धर्म. आणि मग शेवटी ही योजना जीवघेणी का आहे ते, संस्थानिकांना वगळून फेडरेशन होऊ शकतं का ते, आणि वेगवेगळ्या गटांना ते कसं दिसतंय ते. छापलं तेव्हा त्याचं पुस्तकच झालं. एका बैठकीत एवढं वाचून दाखवणं कुणालाच शक्य नाही, म्हणजे हे ऐकण्याइतकंच मागून वाचण्यासाठी केलेलं काम होतं.

एक जागा जवळून दाखवतो, आकडे कायद्यातले आहेत, बेरीज-वजाबाकी माझी. खालच्या सभागृहात 375 जागा. 250 ब्रिटिश इंडियाच्या, 125 संस्थानांच्या. संस्थानांची लोकसंख्या देशाच्या एक चतुर्थांशाहूनही थोडी कमी, जागा मात्र एक तृतीयांश. वरच्या सभागृहात तर 260 पैकी 104, म्हणजे सरळ चाळीस टक्के. बरं, या 125 लोकांना निवडणार कोण? कोणीच नाही, राजा नेमणार. आणि राजावर हात कुणाचा? दिल्लीच्या पोलिटिकल डिपार्टमेंटचा, तिचा दरबारातला माणूस, तो रेसिडेंट साहेब, नुसता खोकला तरी दरबारात शांतता व्हायची. आता समजा हे 125 एका गठ्ठ्याने मत देतायत. बहुमताला 188 लागतात. सरकारला उरलेल्या 250 मधून फक्त 63 माणसं जमवायची. आणि लोकांच्या बाजूने कुणाला ते सरकार पाडायचं असेल तर त्याला 250 पैकी 188 पाहिजेत, पंचाहत्तर टक्के! त्यात त्या 250 जागा पुन्हा जातीय मतदारसंघांत कापलेल्या, 82 मुस्लिम, मग शीख, युरोपियन, अँग्लो-इंडियन, जमीनदार, व्यापारी. पंचाहत्तर टक्के एकत्र येतील अशी सोयच ठेवलेली नाही. वर आणखी एक वाकडेपणा असा की खालचं सभागृह अप्रत्यक्ष निवडणुकीने, प्रांतांच्या विधानसभांकडून, आणि वरचं सभागृह थेट मतदारांकडून, म्हणजे जगात सगळीकडे असतं त्याच्या बरोब्बर उलटं. कायदा वाचताना हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

शिवाय एकतर्फी वाट. संस्थानाने नेमलेला सभासद ब्रिटिश इंडियाच्या प्रश्नांवर बोलणार, मत देणार, उद्या मंत्रीसुद्धा होणार. पण सोलापूरच्या मतदाराने निवडून दिलेला माणूस अक्कलकोटच्या कारभारात बोट घालू शकणार नाही, कारण राजाने सामीलनाम्यात जेवढे विषय लिहून दिले तेवढेच केंद्राचे, बाकी सगळं राजाचं. आणि प्रत्येक राजाचा सामीलनामा वेगळा असू शकतो. म्हणजे एका देशात एका कायद्याचा अंमल कुठे किती हे प्रत्येक वेशीवर नव्याने बघायचं.

नागरिकत्वाचा मुद्दा तर मला या सगळ्या व्याख्यानातला सगळ्यात धारदार वाटतो. इतर संघराज्यांत माणूस कुठल्याही घटकातला असो, त्याला सगळ्या देशाचं म्हणून एक नागरिकत्व असतं. इथे ते नाही. संस्थानी प्रजा ही ब्रिटिश प्रजा नव्हे, कायद्याच्या भाषेत ती ब्रिटिश संरक्षित माणसं. त्यामुळे फेडरेशन झालं तरी ब्रिटिश इंडियातला माणूस संस्थानात परका आणि संस्थानातला इकडे परका. हे नकाशावर ठेवून बघा. तासगाव तेव्हा ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात, सांगली पटवर्धनांचं संस्थान, मधलं अंतर बैलगाडीचं. दोघांची भाषा एक, दोघांचा बाजार एक, आणि दोघं एका फेडरेशनमध्ये राहून एकमेकांना कायद्याने परदेशी. उदाहरण माझं आहे पण मुद्दा त्यांचा. ज्या संघराज्यात एकत्र राहणाऱ्यांना एक नागरिकत्वसुद्धा मिळत नाही त्याला एकत्र येणं का म्हणायचं?

मग येतं कुलूप. संरक्षण, परराष्ट्र, धर्मखातं आणि आदिवासी प्रदेश ही खाती राखीव, गव्हर्नर जनरलच्या हातात, मंत्र्यांना त्यात प्रवेश नाही. उरलेली सोपीव खाती मंत्र्यांकडे, पण त्यावर गव्हर्नर जनरलच्या खास जबाबदाऱ्यांचा फास. म्हणजे 1919 सालची जी द्विदल राज्यपद्धती प्रांतांतून काढून टाकली तीच उचलून केंद्रात बसवली. नेमस्त मंडळी म्हणायची, ठीक आहे हो, सुरुवात तर होऊदे, हळूहळू वाढवून घेऊ. यावर बाबासाहेबांचं उत्तर असं की वाढवता येणारच नाही. कारण राजे येतायत ते या कायद्याच्या या मजकुरावर सही करून. मजकूर त्यांच्या हक्कांना लागेल असा बदलला तर त्यांची सही सुटते, आणि कुठल्या कलमांना हात लावलेला चालेल, कुठल्यांना नाही याचं परिशिष्टच कायद्याला जोडलेलं. उद्या ब्रिटिश पार्लमेंटच्या मनात आलं की संरक्षण खातं लोकनियुक्त मंत्र्याला द्यावं, तरी राजांची संमती लागणार. आणि राजे ती का देतील? त्यांचं सिंहासन इंग्रजांच्या फौजेवर उभं. थोडक्यात, वसाहतीच्या स्वराज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे फेडरेशन म्हणजे पायरी नसून भिंत आहे, असा त्यांचा निष्कर्ष. शीर्षकातला 'विरुद्ध' तिथून आलाय.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण हल्ली दोन्हीकडचे लोक या माणसाची अर्धी अर्धी वाक्यं वापरतात. याच व्याख्यानात त्यांनी कबूल केलंय की मला स्वतःला एकात्म राज्यपद्धती जास्त पसंत आहे, हिंदुस्थानला तिची गरज आहे असं वाटतं, पण प्रांतांना स्वायत्तता द्यायची असेल तर संघराज्य अटळ आहे हेही मी जाणतो. म्हणजे बघा, स्वतःची आवड काय ते सांगितलं, मग ती बाजूला ठेवून जे अटळ आहे ते मान्य केलं, आणि मग म्हटलं की अटळ असलं तरी हे, या कायद्यातलं, मला भयानक वाटतं. श्रोत्याला कळतं की वक्ता कुठे उभा आहे आणि युक्तिवाद कुठे उभा आहे, दोन्ही जागा वेगळ्या दिसतात. आत्ताच्या व्याख्यानांत वक्ते एकतर तटस्थपणाचा आव आणतात नाहीतर स्वतःच्या आवडीलाच पुरावा म्हणून पुढे करतात, मधलं काही नाही.

मग मूळ प्रश्नाकडे, राजकारणी माणसाला शैक्षणिक व्यासपीठ द्यावं का. माझं मत असं की गोखले संस्थेने जोखीम घेतली, पण अट माणसावर नव्हे, व्याख्यानाच्या स्वरूपावर घातली, भले कुणी ती लिहून दिली नसेल. स्मृती व्याख्यान आहे, छापलं जाणार आहे, समोर गाडगिळांसारखी माणसं आहेत जी आकडा चुकला तर सोडणार नाहीत. अशा ठिकाणी सभेतला बार काढून चालत नाही. कामगार मैदानावर तेच आंबेडकर वेगळं बोलायचे आणि बोलायलाच पाहिजे होतं. इथे त्यांनी लोकांना कायदा वाचायला शिकवलं. राजकारणी म्हणून त्यांना जे माहीत होतं, म्हणजे लंडनच्या कमिट्यांत राजे कसे वागले, कुणी काय मागितलं, ते एखाद्या शुद्ध प्राध्यापकाला मिळालंच नसतं. आणि प्राध्यापक म्हणून जी शिस्त होती ती बहुतेक राजकारण्यांकडे नव्हती. त्यामुळे पुस्तकी नियम करून 'राजकीय व्यक्ती नको' म्हणणाऱ्यांना मी हे प्रकरण दाखवतो. उलट बाजूने, हे बघा आंबेडकरांना बोलावलं होतं म्हणून आमच्या आमदारांनाही बोलवा असं म्हणणाऱ्यांनाही हेच दाखवतो, फक्त विचारतो की साहेब अख्खं पुस्तक लिहून आणणार का.

पुढे काय झालं ते ऐका. जूनमध्ये मुंबईला संस्थानिकांची परिषद भरली आणि त्यांनी सामीलनाम्याच्या अटी आम्हाला मान्य नाहीत म्हणून सांगितलं. 3 सप्टेंबरला ब्रिटन युद्धात उतरलं, 11 सप्टेंबरला लिनलिथगोंनी जाहीर केलं की फेडरेशनची तयारी आता स्थगित. संपला विषय. ते फेडरेशन कधी आलंच नाही. त्यासाठी उभारलेलं फेडरल कोर्ट तेवढं ऑक्टोबर 1937 पासून चालू होतं, संघराज्य नाही पण संघराज्याचं न्यायालय आहे अशी ती मजा.

म्हणजे व्याख्यानाचा अंदाज चुकला म्हणायचं का? एका अर्थी हो. बाबासाहेब बोलत होते ते फेडरेशन दारात येऊन उभं आहे असं धरून, आणि ते दारातून परत गेलं. शिवाय ते परत गेलं यात या व्याख्यानाचा वाटा शून्य, राजांच्या हावरेपणामुळे आणि हिटलरमुळे गेलं. राजे जास्त मागत होते म्हणून अडलं, लोकशाहीवाल्यांचं पटलं म्हणून नव्हे. परिणाम मोजायची जी आपली सवय आहे, व्याख्यानाने काय साधलं, ठराव झाला का, तिने मोजलं तर हे व्याख्यान आठ महिन्यांत शिळं झालं.

त्यात आणखी एक उपरोध. ज्या सामीलनाम्याच्या दाराला त्यांनी इतकं झोडपलं, त्याच दाराने 1947 साली देश जोडला गेला. 1935 च्या कायद्याचं कलम 6 थोडं दुरुस्त करून वापरात ठेवलं होतं, सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी त्याखाली राजांच्या सह्या घेतल्या, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण तीन विषयांवर. काश्मीरच्या महाराजांचा ऑक्टोबर 1947 चा कागदही त्याच साच्यातला. अर्थात फरक असा की या वेळी मागे इंग्रज नव्हता, आणि सही घेऊन थांबले नाहीत, लगेच विलीनीकरण मागितलं. आपल्याकडची दख्खनची संस्थानं 8 मार्च 1948 ला मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूरने वर्षभर वेळ घेतला, 1 मार्च 1949. राजा आत येतो पण राज्य बाहेर राहतं ही जी 1939 ची तक्रार होती ती अशी निकालात निघाली, राजांनाच काढून.

पण व्याख्यानातली प्रश्नांची यादी मात्र शिळी झाली नाही, ती जशीच्या तशी दुसरीकडे निघाली. 4 नोव्हेंबर 1948, घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांचं भाषण काढा आणि शेजारी हे ठेवा. हे एकत्र येणं मोडता येणारं आहे का? उत्तर, नाही, घटकांच्या कराराने हे झालेलं नाही म्हणून कुणाला फुटून जायचा अधिकार नाही, 'युनियन' शब्द त्यासाठीच घेतलाय. माणसांचं नातं काय? अमेरिकेत दुहेरी नागरिकत्व आहे, इथे एकच, भारताचं. न्यायालय? एकच साखळी. चौकट मजबूत आहे का? आहे, आणि लवचीकही आहे, युद्धाच्या वेळी एकात्म होऊ शकते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाशी तुलना इथेही आहेच. पुण्यात ज्या कसोट्यांवर दुसऱ्याची योजना नापास केली, दिल्लीत त्याच कसोट्यांवर स्वतःची तपासून घेतली. टीकाकाराला पुढे बांधकाम करायला मिळालं आणि त्याने आपली जुनी टीका हरवू दिली नाही, हे राजकारणात फार क्वचित घडतं, म्हणून मला या दोन भाषणांची जोडी वर्गात शेजारीशेजारी ठेवून वाचायला आवडते.

सगळं मात्र जुळत नाही, आणि भक्तिभावाने वाचणारे तिथे पान उलटतात. 1939 मधे गव्हर्नर जनरलच्या खास अधिकारांवर त्यांचा रोख होता, लोकनियुक्त मंत्र्याच्या डोक्यावर नेमलेला माणूस नको. त्याच कायद्यात प्रांतांसाठी कलम 93 होतं, मंत्रिमंडळ चालेनासं झालं तर गव्हर्नरने कारभार हातात घ्यायचा, आणि काँग्रेसने राजीनामे दिल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई प्रांतात ते लावलंही गेलं. पुढे घटनेत जे 356 वं कलम आलं त्याचा पूर्वज हाच. घटना समितीत यावर सभासदांनी खूप टीका केली, आणि ऑगस्ट 1949 मध्ये बाबासाहेब म्हणाले की ही कलमं कधी वापरावी लागू नयेत, ती कागदावरच राहावीत अशी आपण आशा करू. गोखले हॉलमधला वक्ता समोर बसला असता तर त्याने विचारलंच असतं की आशा हे कुठल्या परिशिष्टात लिहिलंय? 356 पहिल्यांदा लागलं ते जून 1951 मध्ये पंजाबात. कायदामंत्री तेव्हा बाबासाहेबच होते.